शेजारधर्म आणि दूरचे दुःख

दूरच्या मुलखातील आपत्तीची बातमी ऐकून माणूस हळहळतो, पण ही हळहळ म्हणजे समानुभूती नव्हे. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याची अवस्था जाणण्याच्या या शक्तीला सराव लागतो आणि तो सराव बहुधा उंबऱ्यालगतच घडतो. परळ, लालबाग, नायगाव, वरळी या मुंबईच्या गिरणगावातील चाळी ही अशा सरावाची एक जागा होती. तेथील बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींतील खोली जेमतेम १६० चौरस फुटांची, मजल्यावरची शौचालये सामाईक आणि दारे दिवसभर उघडी असल्याने एका बिऱ्हाडाचे दुःख शेजारच्या बिऱ्हाडापासून लपत नसे. कोणी गेले की मर्तिकाचे सामान आणायला कोण धावणार, तिरडी कोण बांधणार, रडून थकलेल्या पोरांना कोण आपल्या घरी नेणार, हे कोणाला सांगावे लागत नसे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून अंत्यसंस्कारानंतर शेजारी किंवा आप्त जे पहिले जेवण आणून आग्रहाने भरवतात, तो ‘कडू घास’ही न सांगता येई.

या चाळींचे वेगळेपण असे की त्यांच्या वाट्याला आलेले पुष्कळसे दुःख मुळातच दूरचे होते. कोकणातून आणि सातारा-कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरून आलेल्या अनेक गिरणी कामगारांचे घरदार गावीच असे आणि एका गावची माणसे मिळून भाड्याने घेतलेल्या गावकीच्या खोलीत ते पाळीपाळीने झोपत. गावाहून तार आली की ती वाचणारा एक, गाडीभाड्याचे पैसे गोळा करणारा दुसरा आणि पिशवी भरून देणारा तिसरा असे. न पाहिलेल्या घरातील, न पाहिलेल्या माणसाचा मृत्यू शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचण्याची सवय तेथेच जडत गेली.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सातारा जिल्ह्यातील कोयनानगरला भूकंप झाला, तेव्हा हे दूरपण आणखी आकसले. त्या धक्क्याने मुंबईही हादरली आणि कोयना जलविद्युत प्रकल्पाची वीज बंद पडल्याने शहराचे व्यवहार खोळंबले. सुमारे १८० माणसे दगावलेला तेथील पाटण तालुका नकाशावर दूर होता, पण गिरणगावात त्या बाजूचे सोयरेधायरे होते. तेथे आपुलकीला नात्याचा आधार होता.

कसोटीचा प्रसंग ३० सप्टेंबर १९९३ रोजी आला. त्या पहाटे मराठवाड्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून झोपी गेलेली हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे जड थर रचलेल्या धाब्याखाली, गाडली गेली. मराठवाड्याशी नाते नसलेल्या वस्त्यांतूनही तेव्हा मदत निघाली. अशा वेळी शेजारधर्मात वाढलेला माणूस जुने कपडे देऊन मोकळा होत नाही, कारण पहिल्या दिवशी लोक येतात आणि तेराव्यानंतर घर रिकामे होते, हे त्याने शेजारच्या खोलीत पाहिलेले असते. कोणाचे दावणीचे जनावर गेले आणि कोणाच्या पोराची शाळा सुटली, हे प्रश्न त्याला आपोआप सुचतात.

मात्र घट्ट वस्तीचे गुणगान येथेच थांबवून चालत नाही. किल्लारीच्या जेमतेम नऊ महिने आधी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींत याच मुंबईत शेजाऱ्याने शेजाऱ्याला परके ठरवलेले दिसले. एकोपा जितका दाट, तितके त्याचे कुंपण उंच होण्याचा धोका मोठा. जातीच्या वा धर्माच्या कुंपणाआड जोपासलेला जिव्हाळा शेकडो मैलांवरच्या भूकंपग्रस्तासाठी हेलावतो आणि पलीकडच्या गल्लीत जळणाऱ्या घराकडे पाठ फिरवतो. म्हणून जवळ राहणे पुरेसे नाही. दार कोणाकोणासाठी उघडे राहते, यावर सारे अवलंबून असते.

आज बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारतींतील ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत आणि चाळकऱ्यांनी सोसलेली अडचण पाहता ती त्यांच्या हक्काचीच आहेत. गैरसोयीचे उदात्तीकरण कोणी करू नये. पण अडचणीने जे आपसूक शिकवले, ते आता जाणून-बुजून शिकावे लागेल. दूरच्या आपत्तीसाठी पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपल्याच मजल्यावर मागील वर्षी कोणाच्या घरी दुःख झाले, हे एकदा आठवून पाहावे. ते आठवत नसेल, तर सुरुवात तेथूनच करावी.