वाळवंटातील वणवा

‘वाळवंटातील वणवा’ हा शब्दप्रयोग मराठी कानाला प्रथमदर्शनी वदतोव्याघातासारखा वाटतो. वणव्याला वन लागते आणि वाळवंट म्हणजे वनाचा अभाव, अशी एक भाषिक समजूत आहे. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, सिमा डोम नावाच्या विस्तीर्ण घुमटाकार भूभागावरून ट्यूटोनिया शिखराकडे जाणारी पायवाट ही समजूत पहिल्या शंभर पावलांतच खोटी ठरवते. दोन्ही अंगांना जोशुआ झाडांचे काळवंडलेले सांगाडे आहेत; काही उभे, काही आडवे पडलेले. १५ ऑगस्ट २०२० रोजी वीज पडून येथे आग लागली. ४३,२७३ एकर भूभाग जळाला आणि राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे १३ लाख जोशुआ झाडे त्यात गेली.

या वाटेने सकाळी निघालेला वाटसरू ‘सावरत असलेले रान’ पाहावयास आलेला असतो. वाट लहान आहे. जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटर. शिखराची उंची ५,७५५ फूट असली तरी पायथाच उंचावर असल्यामुळे चढ फारसा नाही. शरीराला काम कमी पडले की मन रूपके शोधू लागते, आणि राखेतून उगवणारे नवजीवन हे त्यांतले सर्वांत सुलभ रूपक होय. सह्याद्रीत उन्हाळ्यात जळालेला माळ मृगाच्या सरींनंतर हिरवा झालेला ज्याने पाहिला आहे, त्याला तर ते रूपक न वाटता वस्तुस्थितीच वाटते. म्हणून एखाद्या काळ्या बुंध्याशी फुटलेला हिरवा धुमारा दिसला की वाटसरू थांबतो आणि मनातल्या मनात मोजतो. एक, दोन, सात. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात येते की तो केवळ धुमारेच मोजीत आहे. जळालेली खोडे मोजणे त्याने सुरूच केले नव्हते.

वाळवंट जळते कसे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. मोहावीतील झुडपे पाण्याच्या टंचाईमुळे परस्परांपासून अंतर राखून वाढतात, आणि हे मोकळे अंतरच एरवी आगीला अडवीत असे. वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने साहित्यकृतीतील रिक्त जागांना अर्थनिर्मितीचे स्थान मानले. वाचक त्या जागा भरतो आणि कृती सजीव होते. या भूमीच्या संहितेत मात्र उलट घडले. भूमध्य सागराच्या परिसरातून आलेल्या रेड ब्रोमसारख्या वर्षायू गवतांनी झुडपांमधल्या रिक्त जागा भरल्या. ओल्या हिवाळ्यात ही गवते माजतात, उन्हाळ्यात वाळून उभी राहतात आणि एका झुडपाची ज्वाला दुसऱ्यापर्यंत नेऊन पोचवतात. (सिमा डोमसारख्या उंचावरील भागात देशी गवते आणि दाट झुडपेही आगीच्या कामी आली, हे नमूद केले पाहिजे. सारा दोष परकीय प्रभावावर लोटण्याचा मोह समीक्षेत पुष्कळांना होतो. वनस्पतिशास्त्रातही तो आवरावा लागतो.)

जोशुआ झाडाचे वय सांगणे कठीण असते, कारण त्याच्या खोडात वर्षवलये नसतात. ते नोंद ठेवते ती मुख्यतः फुलण्याची. शेंड्याला फुलोरा येऊन गेला की तेथून फांद्या फुटतात. म्हणजे फांद्यांचा आकृतिबंध हाच बव्हंशी त्याच्या बहरांचा इतिहास. वर्षाकाठी वाढ होते ती काही सेंटिमीटरच, आणि पहिला फुलोरा यावयास काही दशके जावी लागतात. युक्का पतंगाच्या ठरावीक जातीवाचून परागीभवन होत नाही. बिया उंदीर-खारींसारखे प्राणी पुरून ठेवतात; त्या जमिनीत फार वर्षे तग धरीत नाहीत. उगवलेले रोप जगते ते बहुधा एखाद्या झुडपाच्या सावलीत, आणि येथे सावली धरणारे ब्लॅकब्रश हे झुडूप एकदा जळाले की सहसा बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. ‘पूर्ववत’ हा शब्द उच्चारणाऱ्याचे आयुष्य त्या शब्दाला पुरणारे नाही.

माणसे स्वस्थ बसली आहेत असे नाही. आगीनंतरच्या वर्षांत स्वयंसेवकांनी येथे रोपे लावली. वाहनांना मज्जाव असलेल्या भागात रोपे आणि पाणी उंटांच्या पाठीवरून नेण्यात आले. (उंटाच्या कुळाचा उगम उत्तर अमेरिकेतलाच, तेव्हा त्याला परका म्हणावे की घरी परतलेला, हाही वादाचा विषय होऊ शकेल.) सशांनी कुरतडू नये म्हणून रोपांभोवती जाळ्या बसवल्या. तरीही पुष्कळ रोपे वाळून गेली.

पायवाट माथ्याच्या किंचित खाली संपते. पुढे शिळांवरून हातापायांनी चढावे लागते. वाटसरू तेथेच थांबतो. इतका वेळ पायांखाली असूनही न दिसलेला घुमट त्याला येथून दिसतो. उतार इतका सौम्य आहे की त्यावर चालणाऱ्याला आपण घुमटावर आहोत हे उमगतच नाही. पूर्वेकडे न्यूयॉर्क पर्वतरांग आहे. तेथे जुलै २०२३ मध्ये यॉर्क नावाने ओळखली जाणारी आग लागली आणि ती राज्याची सीमा ओलांडून नेव्हाडात शिरली; तिने ९० हजार एकरांहून अधिक प्रदेश जाळला. सिमा डोमची आग ही एखाद्या शोकांतिकेतील एकमेव घटना आहे, असे मानावयास त्यानंतर जागा उरली नाही.

उतरताना वाटसरू खोडे मोजू लागतो. जुन्या खाणीच्या अवशेषांपाशी येईतो आकडा चारशेच्या पुढे गेलेला असतो. तेथे एका जळक्या खोडाच्या पायथ्याशी तीन धुमारे दिसतात, वीतभर उंचीचे, टोकांशी कोणीतरी कुरतडलेले. ते झाड कोणत्या बाजूला धरावे हे ठरेना, तशी मोजणी विसरते. थोडा वेळ थांबून तो पुन्हा एकपासून सुरुवात करतो.