कोंडवाड्याच्या बाजूने

सरकारने गावाच्या रोजच्या जगण्यात जितकं कमी डोकवावं तितकं गावाचं भलं, असं मी बरीच वर्षं मानत आलो आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या स्टेशनाबाहेर चहा पिताना तावातावाने सांगतही आलो. त्याला कारणं होती. आमच्याकडच्या माणसाला सरकार पहिल्यांदा भेटतं ते जंगलात, डोक्यावरची मोळी खाली ठेवायला लावणारं. 1927 चा वन कायदा कुणी वाचलेला नसतो, पण त्याची भीती प्रत्येक घरात असते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मला तोंडपाठ होती. तिच्यातून ‘सरकारच नको’ एवढंच मी माझ्या सोयीने उचललं होतं.

हे मत डळमळलं ते कुठल्या थोर विचाराने नव्हे, गावच्या मामा तलावाच्या भांडणाने. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. 31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. पार, तुडूम, सलंग हे शब्द मात्र तेच राहिले: पार म्हणजे बांध, तुडूम म्हणजे पाणी सोडण्याचं तोंड, सलंग म्हणजे जादा पाणी निघून जाण्याची वाट. पावसाने पाठ फिरवली, जड धान पोटरीवर आलं की तुडूम कोण उघडतो आणि कुणाच्या बांध्या (धानाचे बांध घातलेले तुकडे) आधी भरतात, यावर वर्षाचं खाणं ठरतं. त्यात मासेमारीचा ठेका घेतलेल्यांना पाणी राखायचं असतं, ढोरांना उन्हाळ्यापर्यंत ते पुरायचं असतं.

गावाने बसून मिटवावं, असा माझा आग्रह. गाव बसलं. बोलले ते पाराजवळचे, चांगली जमीन असलेले. शेवटच्या टोकाला दोन बांध्या करणारी बाई आणि एक बटईदार मागे बसून ऐकत राहिले. निर्णय पाराजवळच्यांच्या बाजूने झाला आणि सगळे त्याला एकमत म्हणाले. मीसुद्धा म्हणालो.

महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांनी नंतर विचारलं, “वाजिब-उल-अर्ज पाहिला का बाबू?” नव्हता पाहिला. इंग्रजांच्या काळात जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळी गावोगावच्या वहिवाटी लिहून ठेवल्या, तो हा दस्त. त्यात आमच्या तलावाच्या पाण्याची वहिवाट नोंदली होती, आणि ती आमच्या एकमताशी जुळत नव्हती. मागे बसलेल्या बाईचा हक्क कागदाने सांभाळला होता, गावाने नाही.

मग मी असले किरकोळ कायदे वाचायला लागलो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये विदर्भापुरतं निस्ताराचं प्रकरण आहे. चराई, सरपण, माती, मुरूम, दगड कुणी कसं घ्यायचं याचं निस्तारपत्रक जिल्हाधिकाऱ्याने करायचं, पण मसुदा गावात प्रसिद्ध करून, रहिवाशांची इच्छा जाणून.

1871 चा कोंडवाड्याचा कायदा तर मला आवडूनच गेला. पीक खाणारं ढोर धरून चोवीस तासांत कोंडवाड्यात पोचवायचं. तिथल्या राखणदाराने त्याला चारापाणी द्यायचं. खोटं धरलं असेल तर मालकाने तक्रार करायची आणि भरपाई मागायची. खर्च भागून उरलेला पैसा रस्ते, पूल अशा लोकोपयोगी कामांना लावायचा. मूळ दरपत्रकात शेळीला एक आणा, गायीला चार आणे आणि हत्तीला दोन रुपये. (छत्तीसगडातून आलेले रानहत्ती आमच्या वडसा वनविभागात धान तुडवतात, तेव्हा हे दोन रुपये कुणाकडून घ्यावेत, हा प्रश्न मी चहावर टाकून पाहिला आहे.)

अमेरिका म्हणजे सरकारला चार हात लांब ठेवणारा देश, अशीही माझी समजूत होती. पण तिथल्या न्यू इंग्लंडमधल्या जुन्या गावसभा मोकाट डुकरं आवरणारा आणि कुंपणं तपासणारा माणूस दरसाल निवडत. पावाचं वजन कायद्याने ठरे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1641 साली मोठ्या तळ्यांत मासे धरण्याचा हक्क प्रत्येक घरधन्याला लिहून मिळाला. विल्यम नोव्हाक या इतिहासकाराने 1996 च्या पुस्तकात दाखवलं आहे की एकोणिसाव्या शतकातली अमेरिकाही अशाच लोकहिताच्या बारीकसारीक नियमांनी भरलेली होती. अर्थात, ज्यांची ती जमीन मुळात होती त्या आदिवासींना या सभांत जागा नव्हती, आणि वसाहतवाल्यांची डुकरं त्यांचा मका फस्त करत होती. गडचिरोलीत राहून हे वाचताना ओळख पटायला वेळ लागत नाही.

त्यामुळे मी सरकारचा भक्त झालो, असं कुणी समजू नये. वाजिब-उल-अर्ज लिहून घेणाऱ्या राजवटीनेच जंगल राखीव केलं. पण मेंढ्याने काय केलं, हे आता मला वेगळं दिसतं. त्यांनी कायद्याकडे पाठ फिरवली नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा लावून धरला आणि 2009 मध्ये तो कागदावर मिळवला. पुढे 2013 मध्ये गावाची जमीन ग्रामदान केली, तीही 1964 च्या कायद्याचा आधार घेऊन.

मागच्या ग्रामसभेत मी आमच्या पडक्या कोंडवाड्याची डागडुजी सुचवली. आधी लोक हसले. मग गायकी, म्हणजे गावची ढोरं चारणारा, उठला. म्हणाला, “चरायची जागा अतिक्रमणात गेली, ढोरं धानात नाही जातील तर कुठं जातील? दंड माझ्याच डोक्यावर बसणार.” मी चराईचा विचारच केला नव्हता. निस्तारपत्रकातली चराईची जागा आधी मोजून मोकळी करायची, कोंडवाडा त्यानंतर, असा क्रम त्याने लावून दिला आणि सचिवाजवळ उभं राहून ठरावात तसाच लिहून घेतला.