शिकागोतील बंदिवान पाणबुडी

शिकागो हे नाव ऐकताच मराठी माणसास १८९३ सालची सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती परिषद भरली, त्यातील कलाभवनाची इमारत शहराच्या दक्षिण भागात, मिशिगन सरोवराच्या काठाजवळ, आजही उभी आहे. १९३३ पासून तेथे विज्ञान आणि उद्योग यांचे विशाल संग्रहालय आहे. त्यात कोळशाची खाण आहे, जुनी आगगाडी आहे. परंतु आम्हांस खिळवून ठेवले ते जमिनीखालच्या एका दालनाने. तेथे ‘यू-५०५’ ही दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुडी विसावली आहे. सुमारे अडीचशे फूट लांबीचे ते करडे धूड एरवी समुद्राच्या पोटात दडायचे. येथे त्याच्या तळाशी उभे राहून मान वर करून पाहता येते.

आत शिरण्यास वेगळे तिकीट पडते आणि सोबत मार्गदर्शक असतो. एका अरुंद बोळातून आपण पुढे सरकतो. पन्नासाहून अधिक माणसे येथे महिनोन्‌महिने राहत. बिछाने सर्वांना पुरेसे नव्हते. एक पहाऱ्यावर गेला की दुसऱ्याने त्याच्या उबदार जागेवर पडावे, असा क्रम होता. झोपण्याच्या फळ्या आणि पाणतीर यांत हातभराचेही अंतर नाही. पाणबुडी म्हणजे सदैव पाण्याखाली राहणारी नौका, ही आपली समजूतही येथे दुरुस्त होते. डिझेल इंजिनांना हवा लागते, म्हणून बहुतेक प्रवास पाण्यावरूनच होई. बुडी मारल्यावर विजेच्या घटांवर मंदगतीने चालावे लागे, आणि घट संपले की वर येण्यावाचून गत्यंतर नसे. तिचे सामर्थ्य लपण्यात होते आणि दौर्बल्य श्वासात.

हॅम्बुर्गच्या गोदीत बांधलेली ही नौका ऑगस्ट १९४१ मध्ये आरमारात दाखल झाली. लोवे या पहिल्या कप्तानाच्या हाताखाली तिने सात जहाजे बुडविली. जुलै १९४२ मध्ये कॅरिबियन समुद्रात ‘रोआमार’ नावाचे कोलंबियाचे एक शिडाचे जहाज तिने बुडविले, आणि तेव्हापासून आपले ग्रह फिरले असे खलाशी म्हणू लागले. यंत्रयुगातील माणसेही शकुन-अपशकुनातून सुटत नाहीत! पुढे लोवे आंत्रपुच्छाच्या विकाराने आजारी पडला आणि झेक नावाचा तरुण कप्तान आला. त्याच्या कारकिर्दीत आठवे आणि अखेरचे जहाज बुडाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबर १९४२ रोजी, त्रिनिदादजवळ एका विमानाने इतक्या खालून बॉम्ब टाकला, की स्फोटात ते विमानही नष्ट झाले. पाणबुडी छिन्नविच्छिन्न झाली, तरी कशीबशी फ्रान्समधील लोरियां बंदरी परतली.

दुरुस्तीस कित्येक महिने लागले. नंतरही ती निघे आणि बिघाड होऊन परत येई. गोदीतील फ्रेंच कामगारांनी तिच्यात मुद्दाम दोष ठेवल्याचे उघडकीस आले. २४ ऑक्टोबर १९४३ रोजी, खोल पाण्यातील बॉम्बचा वर्षाव चालू असता, झेकने नियंत्रणकक्षात सर्वांसमक्ष स्वतःवर गोळी झाडली. मार्गदर्शक त्या कक्षात दिवे मंद करून स्फोटांचे आवाज ऐकवितो. ते काही क्षणच असतात, तरी पुढे काय झाले असेल हे सांगावे लागत नाही. मायर या दुय्यम अधिकाऱ्याने सूत्रे हाती घेऊन नौका सुखरूप बाहेर काढली.

लांगे या नव्या कप्तानाबरोबर ती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेली. ४ जून १९४४ रोजी, रविवारी, कॅप्टन डॅनियल गॅलरी यांच्या अमेरिकन नौकापथकाने तिला गाठले. बॉम्बच्या माऱ्याने सुकाणू अडकले, पाणबुडी वर आली आणि गोल गोल फिरू लागली. खलाशांनी पाणी आत सोडून समुद्रात उड्या टाकल्या. शत्रूची पाणबुडी बुडवायची नाही, पकडायची, हा गॅलरींचा आधीपासूनचा संकल्प होता. आल्बर्ट डेव्हिड हा अधिकारी मूठभर सोबत्यांसह त्या बुडत्या नौकेत उतरला. आत सुरुंग पेरलेले असण्याची शक्यता होती. एका खलाशाने उघड्या गाळणीचे झाकण शोधून बसविले आणि पाणी थांबले. गुप्तलिपीचे यंत्र व पुस्तके हाती आली. १८१५ नंतर अमेरिकन आरमाराने भर समुद्रात शत्रूची युद्धनौका पकडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

पाणबुडीवरील एकोणसाठ जणांपैकी एक मेला, अठ्ठावन्न वाचले. परंतु ही वार्ता जर्मनीस कळती तर गुप्तलिपी लगेच बदलली गेली असती. म्हणून सारे बंदिवान लुइझियानातील एका छावणीत इतरांपासून वेगळे ठेवले गेले. रेड क्रॉसलाही त्यांची भेट नाकारली. घरी मात्र ते मेले असे समजून शोक झाला. युद्धकैद्याने आपण जिवंत आहोत एवढे घरी कळवावे, हा हक्क आंतरराष्ट्रीय कराराने दिलेला आहे. तो मोडून कित्येक जहाजे वाचली असतील, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या अठ्ठावन्न मातांच्या अश्रूंचा जमाखर्च कोणत्या वहीत मांडावयाचा? दालनात यंत्रांची माहिती विस्ताराने आहे. हा प्रश्न ज्याचा त्याने बरोबर न्यावयाचा आहे.

युद्धानंतर या नौकेवर नेमबाजी करून तिला बुडवावे, असे घाटत होते. गॅलरी मूळचे शिकागोचे. त्यांच्या आणि त्यांच्या धर्मोपदेशक बंधूंच्या खटपटीने, शहरवासीयांच्या अडीच लक्ष डॉलर वर्गणीतून, १९५४ मध्ये ती नद्या-सरोवरांतून ओढीत येथे आणली गेली. हरवलेले सुटे भाग मूळच्या जर्मन कारखान्यांनी विनामूल्य पाठविले, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटली. अर्धशतक उन्हापावसात काढल्यावर २००४ साली तिला या दालनात हलविण्यात आले.

जर्मन पाणबुड्यांवरील दर चार खलाशांपैकी सुमारे तीन जण युद्धात मरण पावले. त्यांनी बुडविलेल्या जहाजांवरचे खलाशी तर त्याहून कितीतरी अधिक निराधार होते. त्यांना लपण्यास जागाही नव्हती. म्हणून या नौकेपुढे उभे राहून तिचे कौतुक करवत नाही आणि तिच्यातील माणसांचा द्वेषही करवत नाही. शिकागोस जाणाऱ्या वाचकांनी मुलांना बरोबर घेऊन ती अवश्य पाहावी. मुले आधी पाणतीरांची संख्या विचारतील. ती बावीस होती. मग त्यांना ते अरुंद बिछाने दाखवावेत, आणि तेथे झोपणारे बहुतेकजण विशीतले होते हेही सांगावे.