आई-बाबांसाठी लंडनचं हॉटेल शोधताय?

आई-बाबा येणार आणि दोन रात्री तरी लंडनला थाटात ठेवायचंय? मग फोटो नंतर, आधी आकडे बघा. (सीए आहे, सवय जात नाही!)

व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग घ्या, थोडं महाग पडलं तरी. दाखवलेल्या दरात २०% व्हॅट धरलेला असतो. जेवणाच्या बिलावरचा सर्व्हिस चार्ज मात्र बहुतेक ठिकाणी ऐच्छिक. चेक-इनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात, तिथे तुमचं क्रेडिट कार्ड द्या, बाबांचं डेबिट कार्ड नको. आणि आईच्या गुडघ्यांसाठी वॉक-इन शॉवर आहे का, हे फोन करून विचारा.

मी बकिंगहॅम गेटचं सेंट जेम्स कोर्ट ठरवलंय. पॅलेस चालत जाण्याइतका जवळ, पण कारण ते नाही. हॉटेल ताजचं आहे. मुंबईचं ताज १९०३ पासून उभं आहे, आणि बाबांनी ते जन्मभर गेटवेवरूनच पाहिलं. आत कधी गेले नाहीत. माझी फी भरत होते.

"केवढ्याला पडलं गं?" हे येणारच, पाउंडाचे रुपये करून. म्हणून बिल थेट ईमेलवर मागवलंय.