एकाच प्रोग्रामपुरतं २०३८

गेममधल्या लाइफ संपल्या की फोनची तारीख पुढे ढकलायची, हा उद्योग आपल्यापैकी अनेकांनी केलेला असतो. लाइफ मिळतात, पण व्हॉट्सॲप तारीख चुकल्याची तक्रार करतं. तारीख फारच पुढे नेली, तर ब्राउझर सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून अडून बसतो. फसवायचं असतं एका गेमला, फसतो अख्खा फोन.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. तिथे हीच फसवणूक रोज लागते, फक्त एकाच प्रोग्रामपुरती. लिनक्सवर त्यासाठी लिबफेकटाइम नावाची मोफत लायब्ररी आहे. किती वाजले, हे प्रोग्राम सिस्टिमला विचारतो आणि बहुतेक वेळा हा प्रश्न सी भाषेच्या लायब्ररीमार्फत जातो. एलडी प्रीलोड ही सोय वापरली, की लिबफेकटाइम वाटेत उभी राहते आणि आपण ठरवलेली वेळ सांगते. शेजारचा ईमेल, कॅलेंडर सगळं आजच्याच तारखेत राहतं. लायब्ररी पोटातच घेऊन बांधलेले प्रोग्राम मात्र या युक्तीला बधत नाहीत.

एका पतसंस्थेचं कर्जाचं जुनं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं होतं. हप्त्यांचं वेळापत्रक २०३८ पर्यंत बिनचूक छापलं जात होतं, त्यामुळे कुणाला शंका नव्हती. मी त्याला १९ जानेवारी २०३८ दाखवली, काउंटर उघडायची वेळ. शेवटचा हप्ता भरला. पावतीवर साल आलं १९०१. कर्ज देण्याआधीचाच भरणा म्हणून प्रोग्रामने तो धरलाच नाही आणि खातं थकबाकीत टाकलं.

कारण साधं होतं. युनिक्सच्या पद्धतीत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. पावतीची वेळ ३२ बिटांच्या रकान्यात साठवली जात होती. तो रकाना २,१४,७४,८३,६४७ ला भरतो, म्हणजे आपल्याकडे त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो.

२०१८ मध्ये घेतलेलं वीस वर्षांचं गृहकर्ज त्याच वर्षी फिटतं. वीस वर्षं नेमाने हप्ते भरलेल्या माणसाला काउंटरवरून ‘तुमचं बाकी आहे’ असं ऐकावं लागलं असतं, आणि घराचे कागद अडकले असते ते वेगळेच.

रकाना ६४ बिटांचा झाल्यावर मी पुन्हा तीच तारीख दाखवली. बाकी शून्य. खरी १९ जानेवारी २०३८ मंगळवारी येईल.