सुतारकाकांचं टोकियो

टोकियोतल्या इमारती बघायला मला एका सुताराने शिकवलं. जे.जे.तली वर्षं, पुण्यातली नोकरी आणि वास्तुकारांची तोंडपाठ नावं एवढी शिदोरी घेऊन मी त्या शहरात गेले होते. पण भिंतीपुढे उभं राहून भिंत वाचायची कशी, हे ज्यांनी दाखवलं त्यांची शाळा नववीनंतर सुटली होती आणि उभा जन्म काँक्रीटचे साचे बांधण्यात गेला होता. हे ऋण फिटणारं नाही. निदान त्याची नोंद राहावी म्हणून लिहिते आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड निशी-कासाईला होतं. टोकियोच्या पूर्वेचा हा भाग भारतीय कुटुंबांनी गजबजलेला. भाजीच्या दुकानात मराठीही सहज कानावर पडते. तिथल्या समाजकेंद्रात परदेशी लोकांसाठी आठवड्यातून एकदा जपानी संभाषणाचा वर्ग भरायचा. शिकवणारे बहुतेक निवृत्त लोक, पदरमोड करून येणारे. माझ्या वाट्याला आले ते सत्तरी ओलांडलेले, बुटके, रुंद पंजांचे गृहस्थ. समोर मी त्यांना आडनावापुढे 'सान' लावून हाक मारायची. घरी मात्र आम्ही त्यांना सुतारकाका म्हणू लागलो आणि तेच नाव पडलं.

मी वास्तुकार आहे हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला : "सेंट्रिंग स्वतः कधी बांधलंय?" मी नाही म्हटलं. "मग रविवारी उएनोला या," ते म्हणाले. त्यानंतर व्याकरणाचं पुस्तक वर्गात राहिलं आणि आमची जपानी रस्त्यावर सुरू झाली.

उएनोची निवड त्यांनी उगीच केली नव्हती. ते अकिताचे, भातशेती करणाऱ्या घरातले धाकटे. १९६०च्या सुमारास ईशान्य जपानच्या खेड्यांतून शाळा संपवलेली मुलं गाड्या भरभरून टोकियोला कामाला यायची आणि त्यांचं पहिलं पाऊल पडायचं ते उएनो स्टेशनात. सुतारकाका त्यांतलेच एक. ऑलिंपिक १९६४ला व्हायचं होतं. शहरभर खोदकाम चाललेलं, माणसं हवीच होती. त्यांना एका सेंट्रिंगच्या टोळीत खिळे सरळ करायचं काम मिळालं. स्टेशनाबाहेर आलं की समोरच तोक्यो बुन्का काइकान या संगीतसभागृहाचं बांधकाम दिसे. सुट्टीच्या दिवशी ते कुंपणाशी उभे राहून बघत बसायचे.

ती इमारत कुनिओ माएकावा यांची, १९६१ साली पुरी झालेली. समोरच पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते ल कॉर्बुझिए यांचं, १९५९चं. गुरू आणि शिष्य रस्त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत. माएकावा १९२८ साली पदवी मिळताच पॅरिसला कॉर्बुझिएंकडे गेले होते. पुण्यात जन्मलेले आणि जे.जे.त शिकलेले बाळकृष्ण दोशी पुढे पन्नाशीच्या दशकात त्याच कार्यालयात काम करत होते. २०१६ साली युनेस्कोने कॉर्बुझिएंच्या सात देशांतल्या सतरा वास्तू एकत्र जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या, त्यांत हे संग्रहालय आहे आणि आपल्या चंडीगढचा कॅपिटॉल परिसरही आहे. हे सगळं मी उत्साहाने सांगत होते. सुतारकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला संग्रहालयाच्या आतल्या दालनात एका गोल खांबापाशी नेलं.

"बोट न लावता बघा," म्हणाले. खांबावर वरपासून खालपर्यंत लाकडाच्या अरुंद पट्ट्यांच्या उभ्या रेघा होत्या. मोदकाच्या साच्याची कळी मोदकावर उमटावी तशा. जवळ गेल्यावर लाकडाचे तंतू दिसले, एका जागी गाठही दिसली. "हे लाकूड साठ वर्षांपूर्वी काढून टाकलं. पण त्याचा प्रत्येक तंतू इथे आहे. पट्ट्या किती बारीक आहेत बघा. गोल खांबाला रुंद फळी चालत नाही, कोपरे दिसतात. ज्याने या पट्ट्या रंधल्या त्याने दोन पट्ट्यांमधून पाणी गळू दिलं नाही. गळलं असतं तर सिमेंटचा रस निघून गेला असता आणि इथे खडी उघडी पडली असती." आपल्या साइटवर ज्याला आपण हनीकोंब म्हणतो, तेच ते. सबंध खांबावर मला ते कुठे सापडलं नाही.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विद्यार्थ्यांना सांगते. काँक्रीटची इमारत दोनदा बांधली जाते. पहिल्यांदा लाकडात, उलटी. जिथे भिंत हवी तिथे पोकळी आणि जिथे पोकळी हवी तिथे लाकूड. दुसऱ्यांदा काँक्रीटमध्ये, सुलटी. पहिली इमारत दुसरीइतकीच काटेकोर असावी लागते, आणि बळकटही. ओल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला चोवीसशे किलोच्या आसपास असतं आणि ते पाण्यासारखं चहूबाजूंनी रेटा देतं. ओळंबा जरा चुकला, एखादा टेकू ढिला पडला तर भिंत पोट काढते. आणि सगळं नीट जमलं की काही दिवसांनी ती पहिली इमारत उखडून टाकतात. सुताराने केलेलं काम असं सुतारानेच मोडायचं असतं.

मग आम्ही पुष्कळ भटकलो. ते घरून भाताचे गोळे आणायचे, मी डब्यात थालीपीठ न्यायची. प्रत्येक इमारतीपुढे ते आधी लांब उभे राहायचे आणि मग थेट भिंतीला जाऊन भिडायचे. मधल्या अंतरात त्यांना रस नसे.

त्यांतली सेकिगुचीची सेंट मेरी कॅथीड्रल मला कधीही विसरता येणार नाही. जुनं लाकडी चर्च १९४५च्या बाँबहल्ल्यात जळालं. त्या जागी केन्झो तांगे यांनी हे नवं उभारलं, १९६४ साली. बाहेरून स्टेनलेस स्टीलचे पंख आभाळाकडे निघालेले. आत शिरलं की निव्वळ उघडं काँक्रीट. आठ वळणदार भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात, पण मिळत नाहीत. मध्ये ज्या फटी राहतात त्यांचा छतावर प्रकाशाचा क्रूस होतो आणि तोच चारी बाजूंनी भिंतींमधून जमिनीपर्यंत उतरतो. मान वर करून बघताना माझे डोळे भरून आले. सुतारकाका मात्र एका भिंतीच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते. त्यांनी मला खाली बोलावलं.

"भिंत वाकडी आहे ना? आता फळीची रेघ बघा." रेघ सरळ होती. शेजारची रेघही सरळ, फक्त केसभर फिरलेली. तिसरी आणखी थोडी फिरलेली. असं करत करत सबंध भिंत वळली होती. गणितात ज्याला हायपरबोलिक पॅराबोलॉइड म्हणतात, तो पूर्णपणे सरळ रेषांनी बनवता येतो, हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्याचा अर्थ असा होतो की एकही फळी न वाकवता, साध्या सरळ फळ्यांनी एवढी वळणदार भिंत उभी करता येते, हे मला त्या पायथ्याशी बसल्यावर कळलं. स्थापत्य अभियंते योशिकात्सु त्सुबोई यांनी हिशेब मांडला, तांगेंनी रूप दिलं आणि ज्यांची नावं कुठे नाहीत अशा माणसांनी प्रत्येक फळी आदल्या फळीपेक्षा किंचित फिरवून ठोकली. "फळी वाकत नाही, माणसाने फिरायचं असतं," सुतारकाका म्हणाले. ते चर्चमध्ये प्रार्थना करणारे नव्हते. तरी निघताना त्या भिंतीला त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

त्याच वर्षीचं, तांगे-त्सुबोई याच जोडीचं दुसरं काम म्हणजे योयोगीची क्रीडागृहं. मोठ्या क्रीडागृहाचं छत पोलादी दोरांवर टांगलेलं आहे, दोन मनोऱ्यांमधलं अंतर १२६ मीटर. सगळे लोक छताचे फोटो काढतात. आम्ही दोर जिथे जमिनीला टेकतात तिथल्या काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यांपाशी बराच वेळ घालवला. दोर ओढतात आणि हे धरून ठेवतात, एवढंच ते बोलले. वास्तुकार कुरोकावांचा नाकागिन कॅप्सूल टॉवर, १४० पोलादी खोल्यांचा, तेव्हा गिन्झाजवळ उभा होता. तो त्यांनी बाहेरूनच, रस्त्यावरून दाखवला. २०२२ साली तो पाडला गेला.

नव्या इमारतींबद्दल त्यांच्या मनात अढी असेल असं मला वाटलं होतं. तशी ती मुळीच नव्हती. ओमोतेसांदोच्या रस्त्यावर तोयो इतो यांची टॉड्सची इमारत आहे, २००४ची. रस्त्याच्या दुतर्फा केयाकीची झाडं आहेत. त्यांच्या फांद्यांच्या आकृती एकमेकींवर ठेवून तिची भिंत केली आहे. खाली जाड बुंधे, वर जाल तशा बारीक फांद्या, आणि मधल्या जागांत चौकटीशिवाय बसवलेल्या काचा. काँक्रीट ३० सेंटीमीटर जाड. सारा भार तेच पेलतं, आत खांब नाहीत. सुतारकाका पलीकडच्या पदपथावर डोळे बारीक करून उभे राहिले. "इथे काटकोन शोधून सापडत नाही. म्हणजे गुण्या कामाचा नाही, प्रत्येक कोपरा वेगळा मापायचा. आणि काच चौकटीशिवाय बसायची म्हणजे काँक्रीटला मिलिमीटरचीही सूट नाही. मला हे जमलं नसतं." आपल्यापेक्षा तरुण कारागिरांची त्यांनी अशी मोकळ्या मनाने केलेली वाखाणणी मी पुन्हा पुन्हा ऐकली.

रोप्पोंगीला तादाओ आंदो यांचं '२१_२१ डिझाइन साइट' आहे, २००७चं. तिथल्या गुळगुळीत भिंतीवर ठरावीक अंतरावर गोल खळगे दिसतात. साच्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवणाऱ्या सळ्यांच्या त्या खुणा. एका फळीची लांबी १८०० मिलिमीटर, रुंदी ९००. साधारण एका तातामी चटईएवढी. हे माप एकदा कळलं की भिंत किती लांब, किती उंच ते टेप न लावता सांगता येतं. सुतारकाकांनी मला तिथे हिशेब करायला लावला आणि तो बरोबर आल्यावर बोटाच्या पेराने हवेतच टकटक केली. काँक्रीट ओतताना सुतार साच्यावर बाहेरून लाकडी हातोडीने ठोकत राहतात. आवाजावरून आत कुठपर्यंत भरलं, कुठे पोकळी राहिली ते कळतं. त्यांची ती सवय हातात तशीच राहिली होती.

यांतल्या एकाही प्रसिद्ध इमारतीवर सुतारकाकांनी काम केलेलं नव्हतं. त्यांनी शाळा बांधल्या, घरकुलांच्या चाळी बांधल्या, पुलांचे खांब बांधले, एक इस्पितळ बांधलं. शेवटी शेवटी ते मला एदोगावातल्या एका साध्या शाळेच्या जिन्याखाली घेऊन गेले. जिन्याचं पोट सलग आणि स्वच्छ होतं, कडा सुरीने कापल्यासारख्या. "हा माझा," ते म्हणाले. एवढ्या भटकंतीत 'माझा' हा शब्द त्यांनी तेवढा एकदाच वापरला.

आम्ही पुण्याला परतलो तेव्हा ते विमानतळापर्यंत आले. करोनाच्या काळात ते गेल्याचं वर्गातल्या एका बाईंनी पत्राने कळवलं. मला जाता आलं नाही.

त्यांच्यामुळे माझ्या कामात जो फरक पडला तो मात्र रोज माझ्याबरोबर आहे. आमच्या कार्यालयात आता नकाशा पक्का करण्याआधी सेंट्रिंगच्या मिस्त्रींना बोलावतो, खुर्ची देतो, चहा देतो आणि हे बांधायचं कसं ते त्यांना विचारतो. नांदेडचे, कलबुर्गीचे, झारखंडचे हे लोक पुष्कळदा असा उपाय सांगतात की तो आम्हाला संगणकावर सुचलेला नसतो. काम पुरं झालं की प्रवेशाजवळच्या फलकावर मालकाच्या आणि वास्तुकाराच्या नावाखाली सुतार, सळई बांधणारे, गवंडी यांची नावं कोरतो. एका मिस्त्रींनी आपल्या मुलीला तो फलक दाखवायला खास आणलं होतं.

आपल्याकडे कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव असतं, महापौरांचं असतं, ठेकेदाराचंही असतं. ज्यांनी इमारत पहिल्यांदा लाकडात बांधली आणि स्वतःच्या हाताने उखडली, त्यांचं नाव जपानातही नसतं आणि इथेही नसतं. हा अन्याय दूर करायला सरकारी हुकूम लागत नाही. तुमच्या सोसायटीचं, शाळेचं, घराचं काम चालू असेल तर सेंट्रिंगच्या मिस्त्रींचं पूर्ण नाव आणि गाव विचारा, आणि ते इमारतीवर लिहून ठेवा.