सेनच्या काठाने, वलीच्या मागावर

मी सातवीत गेले आणि अम्मीने माझी सायकल बंद केली. पुन्हा बसले ती पंचेचाळिसाव्या वर्षी, थेट पॅरिसमध्ये. भाची तिथे शिकते. "खाला, सेनच्या काठाला सायकलींचा वेगळा रस्ता आहे, कोणी अंगावर येत नाही," म्हणत तिने भाड्याच्या दोन हिरव्या सायकली काढल्या. निळ्या विजेवर पळतात. त्यांना मी हातही लावला नाही.

मला खरं तर एका माणसाचा माग काढायचा होता. गार्सां द तासी. उर्दू घेऊन शिकलेल्यांना हे नाव निदान परीक्षेपुरतं माहीत असतं. १८२८ पासून हा गृहस्थ पॅरिसमध्ये हिंदुस्थानी, म्हणजे आपली उर्दू, शिकवत होता. हिंदुस्थानात एकदाही आला नाही. तरी १८३४ साली त्याने आपल्या वली औरंगाबादीची शायरी पॅरिसमध्ये छापली. (गुजरातवाले वलीला गुजराती म्हणतात. म्हणोत.) तासीच्या व्याख्यानांचा उर्दू तर्जुमा पुढे औरंगाबादच्याच अंजुमन तरक्की-ए-उर्दूने काढला.

निघालो ते 'अँस्तित्यू द फ्रांस'च्या घुमटापासून. सतराव्या शतकातली इमारत. तासी इथल्या एका अकादमीचा सभासद होता. नदी डाव्या हाताला, कठड्यावर जुन्या पुस्तकवाल्यांच्या हिरव्या पेट्या. पहिली दहा मिनिटं मला पुढच्या चाकाशिवाय काही दिसलं नाही.

सें-मिशेल पुलाजवळ भाचीने थांबवलं. समोर नोत्र-दाम, लोक तिचे फोटो काढत होते. इथे मात्र एक साधी पाटी. १७ ऑक्टोबर १९६१ ला शांतपणे निघालेल्या अल्जीरियन लोकांच्या मोर्चावर पोलीस तुटून पडले, कित्येक मारले गेले, काहींना याच नदीत फेकलं. पाटी लागली २००१ मध्ये. चाळीस वर्षं लागली, पण लागली. अहमदाबादेतली वलीची मजार २००२ च्या दंगलीत पाडली आणि वरून डांबरी रस्ता केला. मी ती पाटी दोनदा वाचून घेतली भाचीकडून.

पुढे 'अरब जगत संस्था', १९८७ ची. नदीकडून नुसती वळणदार काच दिसते, म्हणून सायकल लावून मागच्या चौकात गेलो. ज्यां नूव्हेल आणि त्याच्या सोबतच्या वास्तुकारांनी दक्षिणेच्या भिंतीला धातूच्या २४० चौकटी बसवल्या आहेत. कॅमेऱ्याच्या पडद्यासारखी त्यांची भोकं उजेडाप्रमाणे लहानमोठी व्हावीत, अशी रचना. बीबी का मकबऱ्यातली संगमरवरी जाळी आठवली. आपल्या जाळीला मोटार लागत नाही, हेही आठवलं.

मग आउस्टरलिट्झ स्टेशन मागे टाकून राष्ट्रीय ग्रंथालय. उघडलेलं पुस्तक उभं करावं तसे चार काचेचे मनोरे, मधोमध खोल उतरलेली झाडी. पुस्तकं उन्हात, वाचक खाली, अशी तेव्हा टीका झाली. मग काचेच्या आतून लाकडी झडपा लावल्या. १९९६ मध्ये हे लोकांसाठी उघडलं.

त्याच्याच मागे पौर्वात्य भाषांची संस्था. तासी शिकवायचा ती शाळा आज इथे भरते, आधुनिक इमारतीत, आणि उर्दू अजून शिकवतात. सुट्टी होती, दार बंद. मी काचेला नाक लावून आत बघितलं. गेल्या जूनमध्येच एका पालकाने मला विचारलं होतं, "मॅडम, उर्दू शिकून पोराचं काय होणार?" मी 'संस्कृती', 'वारसा' असं काहीबाही बोलले होते. त्याने पोराला इंग्लिश मीडियमला घातलं.

भाचीने दारासमोर माझा फोटो काढला, सायकलसकट. अम्मीला पाठवला तर तिने एवढंच विचारलं, "पडली नाहीस ना?" शाळा उघडल्यावर नववीला तो दाखवला, तासीची गोष्ट सांगितली. पोरं शांत. मागच्या बाकावरून हात वर आला: "मॅडम, त्यांना उर्दूचा पेपर किती मार्कांचा असतो?"